शेळीचा केसपेपर

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास चुडाव्याजवळच्या एका वाडीतून एक शेळी पूर्णेला जनावरांच्या दवाखान्यात आणली गेली. तीन आठवड्यांपासून ती धार काढू देत नाही, लाथा मारते, दूध सांडते, अशी तक्रार होती. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कास दाबून पाहिली, ताप पाहिला, खूर पाहिले. शेळीत दोष सापडला नाही. दुपारी सव्वाबारा वाजता तीच शेळी माणसांच्या दवाखान्यात, नेत्र विभागाच्या खिडकीच्या गजाला बांधलेली होती.

त्या विभागात मी नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. नाव भारदस्त आहे, काम साधं. नजर तपासायची, चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून शस्त्रक्रियेला पाठवायचे आणि जे आपल्या आवाक्यातलं नाही ते वेळेत ओळखायचं. भिंतीवर तक्ता, टेबलावर काचांची पेटी, हातात टॉर्च आणि डोळ्याच्या आत डोकावायचं एक छोटं यंत्र, एवढं सामान. नोकरीला लागण्याआधी तीन वर्षं मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. तिथले संपादक बातमीतली विशेषणं कापत. त्या सवयीचा पुढे केसपेपर लिहिताना उपयोग झाला. गेल्या वर्षी निवृत्त झालो. या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मोतीबिंदूवर लिहावंसं वाटलं नाही. तो घरोघरी माहीत आहे. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, त्या आजाराबद्दल हे आहे.

केसपेपरच्या खिडकीवर आधी गोंधळ झाला. लिपिकाच्या हातात जनावरांच्या दवाखान्याचा कागद पडला होता आणि तो त्यावरूनच उतरवून घेत होता.

"नाव?"

"चांदी."

"आडनाव?"

"शेळीला कुठलं आलं आडनाव?" रांगेतला माणूस म्हणाला.

हे धोंडिबा. पंचावन्नच्या पुढचे, पाऊणशे मेंढ्या आणि सहा शेळ्यांचे धनी. शेजारी त्यांच्या पत्नी गयाबाई होत्या, वय पन्नाशीचं. कागदावर लिहिलं होतं: उस्मानाबादी जात, मादी, वय तीन वर्षे. शेळी निरोगी. सोबतच्या बाईंचा उजवा डोळा तपासावा.

"कधीपासून दिसत नाही?" मी गयाबाईंना विचारलं.

"मला लख दिसायलंय, दादा. शेळीच बिघडलीय."

"शेळी न्हाई बिघडली, हीच बिघडली," धोंडिबा म्हणाले. "लगीन झाल्यापसून डाव्या अंगाला बसून धार काढती. आता एकदम उजव्या अंगाला बसायली. शेळीनं लाथ मारू न्हाई तर काय आरती ओवाळावी का?"

"बाजू का बदलली?"

"त्या अंगाला बसलं की चरवी दिसंना," गयाबाई म्हणाल्या.

जनावरांच्या डॉक्टर मॅडमना जे सुचलं ते असं. शेळीच्या डाव्या बाजूला उकिडवं बसून धार काढताना बाई डावा गाल शेळीच्या पोटाला टेकवते. डावा डोळा आपोआप मिटतो. उघडा राहतो फक्त उजवा. गयाबाईंची चरवी, म्हणजे धारेचं भांडं, डाव्या बाजूला बसलं की नाहीशी होत होती आणि उजव्या बाजूला बसलं की परत येत होती. दोन्ही डोळे उघडे असताना काहीच अडत नव्हतं. चांगला डोळा वाईटाचं काम करून टाकतो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. एका डोळ्याची नजर गेल्याचं माणसाला बहुधा असंच कशाततरी सापडतं: बंदुकीचा नेम धरताना, सुईत दोरा ओवताना, कुसळ गेलं म्हणून एक डोळा चोळताना. शेळीनं दाखवून दिल्याची माझ्याकडची ही एकच नोंद.

तक्त्यासमोर बसवून डावा डोळा झाकायला सांगितलं. गयाबाईंनी तळहात ठेवला आणि धडाधड पाच ओळी वाचल्या. त्या बोटांच्या फटीतून बघत होत्या. बहुतेक लोक बघतात. त्यात फसवायचा हेतू नसतो; विचारणाऱ्याला बरोबर उत्तर द्यावं, एवढी भीड असते. म्हणून मी काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवत असे. न शिकलेल्यांसाठी तक्त्यावर अक्षरांऐवजी तीन दातांची खूण असते. कधी तिचे दात वर, कधी खाली, कधी बाजूला. आमच्या भागातले लोक तिला दाताळं म्हणतात, शेतात पाला ओढायचं असतं ते. दात कुणीकडं, एवढंच सांगायचं.

पुठ्ठा लावला. सगळ्यात मोठ्या दाताळ्यावर मी छडी ठेवली.

"दाताळं हाय," गयाबाई म्हणाल्या. "पर खालून खाल्लंय कुणीतरी."

"दात दिसतात का?"

"दात पडलेत त्याचे."

"तुझ्यावानी," धोंडिबा म्हणाले.

"तुमी गप बसा जरा."

खालच्या ओळी दिसल्याच नाहीत. बाहुली मोठी करायचे थेंब घालून अर्धा तास बसवलं. तेवढ्या वेळात शेळीनं खिडकीतून आत तोंड घालून मोतीबिंदू शिबिराच्या पत्रकांची कड खाल्ली. नंतर यंत्रातून पाहिलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या वरच्या भागात लाल फराटे आणि शिंतोडे होते. एसटी स्थानकाचा कोपरा पान खाणाऱ्यांनी रंगवलेला असतो, तसा. पडद्याचा खालचा भाग स्वच्छ होता. पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून वरचा भाग बिघडला की माणसाला खालचं दिसत नाही. चरवी खाली असते, दाताळ्याचे दातही खालीच होते.

सिस्टरना बोलावून रक्तदाब घेतला. एकशे नव्वदवर एकशे दहा.

याला पडद्याची रक्तवाहिनी तुंबणं म्हणतात. आता हे काय असतं ते सांगतो. धोंडिबांना सांगितलं तसंच. डोळ्याच्या पडद्याला रक्त आणणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि परत नेणाऱ्या वेगळ्या. पडद्यावर जागोजागी त्या एकमेकींवरून जातात आणि तिथं दोघींना मिळून एकच वेष्टण असतं. रक्तदाब बरीच वर्षं चढा राहिला की आणणारी नळी जाड आणि कडक होते, आणि खालची नेणारी चेपली जाते. चेपलेल्या जागी रक्त साकळतं, वाट बंद होते. मागून रक्त येतच राहतं. जायला जागा नाही म्हणून ते बाजूला झिरपतं. मधुमेहानं, वयानंही हे होऊ शकतं. दुखत काहीच नाही. ठणका असता तर निम्मे डोळे वाचले असते.

"कालव्याची चारी पाहिली ना?" मी धोंडिबांना म्हणालो. "पाणी येतंय, पण खालचा निचरा बंद झाला, तर रानाचं काय होतं?"

"चिबडतंय."

"तसाच डोळा चिबडलाय, रक्त साचून."

"आन् येणारीच चारी बंद झाली तर?"

हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारला. त्याचं उत्तर मला एका माणसामुळे तोंडपाठ होतं.

तो पूर्णा जंक्शनचा निवृत्त पॉइंट्समन होता. रूळ बदलायचं काम त्यानं आयुष्यभर केलेलं. एका सकाळी दाढी करताना त्याच्या डाव्या डोळ्यापुढे शटर ओढल्यासारखा अंधार झाला. साबण गेला असेल म्हणून त्यानं डोळा धुतला. मग गुलाबपाणी घातलं. मग घरच्यांनी तूप घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. रक्त आणणारी नळीच बंद झाली होती. पडदा पांढुरका पडलेला आणि मधोमध एक लाल ठिपका. अशा वेळी पडदा काही तासच तग धरतो. तेवढ्यात मोठ्या दवाखान्यात पोचलं तरीही डोळा वाचेलच असं नसतं. पण हृदय आणि मेंदूच्या नसा तपासायला मिळतात, कारण तीच गुठळी उद्या मेंदूत जाऊ शकते.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "किती लेट हाय, सायब?"

"अडीच दिवस."

"मग कॅन्सल म्हणायची."

मी हो म्हणालो. त्याला त्याच दुपारी हृदयाच्या तपासणीसाठी पाठवलं. उजवा डोळा आणि जीव दोन्ही राहिले. डावा गेला.

"येणारी बंद झाली तर रान वाळतं," मी धोंडिबांना सांगितलं. "काही तासांत. तुमच्याकडं जाणारी बंद झालीय. तिला थोडी मुदत असते. तीन आठवडे शेळीला दिलेत, आता चौथा देऊ नका."

उपचार नांदेडला होता. सुजलेल्या पडद्याची गळती थांबवणारं औषध इंजेक्शननं डोळ्याच्या आत सोडतात. डोळा आधी बधिर करतात. महिन्याला एक, असं काही महिने. न केल्यास मधली नजर कायमची जाऊ शकते, आणि कधीकधी रक्त न मिळालेल्या भागात नव्या कच्च्या नसा फुटून डोळा आतून रक्तानं भरतो.

"डोळ्यात सुई?" धोंडिबा म्हणाले. "मेंढराला बी कुणी डोळ्यात सुई मारत न्हाई."

"मेंढराला कुणी चष्माबी देत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, न केल्यास काय. तो सांगून झाला होता, त्यांनी पुन्हा ऐकून घेतला. दुसरा, "ह्या डाव्याला बी व्हईल का?"

"रक्तदाब असाच राहिला तर होऊ शकतं."

"मंग जाते."

"आन् मेंढरं?" धोंडिबा म्हणाले.

"मेंढरं तुमच्याकडं हायती. डोळे माझ्याकडं."

त्या संध्याकाळी मी जुनी रजिस्टरं काढली. चेहरा पाहिल्यासारखा वाटत होता. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या वाडीच्या शेजारच्या गावात मारुतीच्या पारावर आम्ही शिबिर घेतलं होतं. नोंद माझ्या अक्षरात होती: गयाबाई, जवळचा चष्मा, नंबर दोन. रक्तदाबाचा रकाना कोरा. शिबिरात पहिलं टेबल माझं, दुसरं रक्तदाबाचं. चष्मा हातात पडला की माणसं पुढच्या टेबलाकडं बघत नसत, थेट घरी जात. हे मला कित्येक वर्षं दिसत होतं. रांग लवकर सरते म्हणून मी टेबलं बदलली नव्हती. पुढच्या शिबिरापासून रक्तदाबाचं टेबल पहिलं आणि चष्म्याचं शेवटी ठेवलं. लोकांनी कुरकूर केली. एक म्हातारबा म्हणाले, "डोळे बघायला आलो तर दंड कामून आवळायलाव?" त्यांना सगळं सांगायला पाच मिनिटं लागली. गयाबाईंच्या वेळी ती पाच मिनिटं कुणी दिली नव्हती. ती मी द्यायला हवी होती.

पहिलं इंजेक्शन झालं. दुसरं झालं. चुडाव्याहून सकाळची गाडी, संध्याकाळी परत. गयाबाई परतताना चुडाव्याला न उतरता पुढं पूर्णेला येऊन तक्ता वाचून जात. दुसऱ्या इंजेक्शननंतर त्यांनी चौथी ओळ वाचली. "सुई कशी वाटली?" असं सिस्टरनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सुई काय न्हाई. त्यो डाक्टर 'हलू नका, हलू नका' म्हणून लय भ्या दाखवतोय."

तिसऱ्या इंजेक्शनला त्या गेल्या नाहीत.

दिवाळी झाली होती. काढणी झालेल्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवायला धोंडिबा कळप घेऊन जिंतूरच्या बाजूला निघाले होते. शेतकरी एकेका रात्रीसाठी कळप बोलावतात, त्यामुळे मुक्काम रोज बदलतो. आधी फोनवर ठावठिकाणा कळत असे. "कुठं आहात?" "पऱ्हाटीच्या रानात." "कुणाच्या?" "हिरव्या मोटारीच्या मागल्या." म्हणजे विहिरीवर हिरवी मोटार असलेल्या शेताच्या मागं. मग नऊ दिवस फोन बंद. नांदेडची तारीख उलटून गेली.

दहाव्या दिवशी रविवार होता. मी एसटीनं जिंतूर गाठलं, एका ओळखीच्या चष्मेवाल्याची मोटारसायकल घेतली आणि मेंढ्या शोधायला निघालो. पाऊणशे मेंढ्या हरवणं तसं अवघड असतं. रस्त्यावर ताज्या लेंड्या दिसल्या की सरळ जायचं, वाळक्या दिसल्या की मागं फिरायचं. दोनदा चुकलो. एकदा दुसराच कळप निघाला. तिथल्या बाईंनी चहा दिला आणि जाता जाता स्वतःचा चष्मा दाखवून घेतला. दुपारी तीनला धोंडिबा सापडले.

"सायब! तुमी हिकडं कुणीकडं?"

"फोन कुठाय?"

"मेंढरांच्या पाण्यात पडला. तांदळात ठिवला व्हता. मग हिनं त्यो तांदूळ रांधला."

"फोन काढून रांधला," चुलीपाशी बसलेल्या गयाबाई म्हणाल्या. "उगं सायबाला कायबी सांगू नका."

"नांदेडला का गेला नाहीत?"

"आता दिसायलंय की, दादा. चरवी दिसायली, चांदीबी गप उभी राहायली. दुसऱ्याची जागा कशाला आडवायची?"

"आणि गोळ्या?"

"बीपी गेला ना. डोकं दुखंना आता."

सूज उतरली की माणसाला बरं वाटतं. औषधाचा असर ओसरला की सूज परत येते, आणि ती परत येतानाही दुखत नाही. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते, हे मी त्यांना सांगितलं होतं. पण आमच्याकडं गोळी दुखण्यावर घेतात. दुखणं नसलं की गोळी डब्यात राहते. मी दंडाला पट्टा बांधला. एकशे चौऱ्याऐंशीवर एकशे सहा.

तक्त्याची गुंडाळी बरोबर होती. बोलून पटवण्यापेक्षा मोजून दाखवावं, असं ठरवलं. आधी तक्ता सामान वाहणाऱ्या घोड्याच्या खोगिराला लटकवला. घोडं हललं की दाताळी फिरू लागली. मग बाभळीच्या खोडाला बांधला. सहा मीटर पावलांनी मोजले. गयाबाई दगडावर बसल्या, डाव्या डोळ्यावर पुठ्ठा.

पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीवर त्या थांबल्या.

"ही वळ मागच्या बारीला अशीच व्हती?"

"अशीच होती."

"म्या वाचली व्हती?"

"तुम्ही चौथी वाचली होती."

त्यांनी पुठ्ठा काढून दोन्ही डोळ्यांनी तक्ता पाहिला. पुन्हा पुठ्ठा लावला. पुन्हा तिसरी ओळ.

"उद्या पहाटं जिंतुरातून पयली गाडी किती वाजता हाय?" गयाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या एसटीनं निघाल्या. नांदेडला तपासणीत पडद्यावर सूज परत आल्याचं दिसलं. तिसरं इंजेक्शन त्याच आठवड्यात मिळालं. त्यानंतर त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. कळप कुठंही असो, आदल्या दिवशी त्या वाटेला लागत. गोळ्यांचं पाकीट त्या कमरेच्या पिशवीत ठेवत. एकदा दोन दिवसांच्या गोळ्या शिल्लक असताना त्या स्वतःहून नव्या घ्यायला आल्या. माझ्या नोकरीत रक्तदाबाच्या रुग्णानं गोळ्या संपायच्या आधी येणं ही घटना क्वचित घडली आहे.

माझ्या निवृत्तीच्या महिन्यात ते दोघंही दवाखान्यात आले. सहा इंजेक्शनं झाली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं: सूज नाही, सध्या इंजेक्शनची गरज नाही, दर दोन महिन्यांनी तपासणी. उजव्या डोळ्यानं गयाबाईंनी पाचवी ओळ वाचली. खालच्या कोपऱ्यात एक सावली उरली होती. ती जाणार नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "सावलीला सांभाळून चालंन."

रक्तदाब एकशे चौतीसवर ब्याऐंशी होता. सिस्टर पट्टा सोडत असताना गयाबाई उठल्या आणि त्यांनी धोंडिबांना स्टुलाकडं ढकललं.

"आता ह्यांचा बघा."

"मला काय धाड भरलीय?" धोंडिबा म्हणाले. "म्या दिवसाला दहा कोस चालतो."

"चालायचं कुणी इचारलंय? हात काढा."

पहिल्यांदा एकशे शहात्तरवर एकशे चार आला. धोंडिबा म्हणाले, यंत्र बिघडलंय. दहा मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावर घेतला, एकशे चौऱ्याहत्तरवर एकशे चार. ते म्हणाले, हिनं ढकललं म्हणून चढला. वीस मिनिटं त्यांना बाहेर बाकावर एकटं बसवून तिसऱ्यांदा घेतला. एकशे बाहत्तर. बाहुली मोठी करून मी दोन्ही डोळे पाहिले. डाव्या पडद्यावर, दोन नळ्या एकमेकींवरून जातात त्या जागी, खालची चेपू लागली होती. रक्त अजून सांडलेलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांची नजर पूर्ण होती.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून गोळी लिहून दिली. औषधाच्या खिडकीवरून गयाबाईंनी पाकीट घेतलं, त्यातली एक गोळी काढली आणि नळापाशी धोंडिबांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्याले. गयाबाईंनी डाव्या हातानं त्यांचा जबडा धरून तोंड उघडायला लावलं, जीभ वर करून पाहिली, मग एकेक गाल आतून बोटानं चाचपला.

गोळी पोटात गेली होती. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.